दारावर राहिलेली जुनी पाटी

बिऱ्हाडकरू घर सोडून गेला तरी त्याच्या नांवाची पाटी पुष्कळदां दारावर तशीच राहते. टपालवाला येतो, पाटी वाचून हांका मारतो, आणि आंतून उत्तर येत नाहीं म्हणून तिष्ठत उभा राहतो. आमच्या शिरपूरच्या घरीं गेल्या दिवाळीनंतर संगणकाच्या बाबतींत नेमका हाच प्रकार घडला.

लॅपटॉप तसा जुना. 14 ऑक्टोबर 2025 रोजीं विंडोज 10 ची नेहमींची मोफत डागडुजी थांबली आणि अकराव्या आवृत्तीस आमचें यंत्र पात्र ठरेना. तेव्हां अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानें डिस्कचा एक कोपरा मोकळा करून तेथें उबंटू ही लिनक्स प्रणाली बसविली. विंडोज मात्र जागच्या जागीं राहूं दिली. कारण थोरल्या बंधूंचे, म्हणजे अण्णांचे, पेन्शनचे कागद तींत होते, आणि त्याहून मोलाचें म्हणजे कै. मातोश्रींच्या जात्यावरच्या ओव्यांचें ध्वनिमुद्रण होतें. त्याची दुसरी प्रत आम्हीं काढून ठेवली नव्हती. आळस, दुसरें काय!

महिन्याभरांत पुतण्यास जागा अपुरी वाटूं लागली. त्यानें एके रात्रीं विंडोजमध्यें शिरून उबंटूचा विभाग पुसून टाकला आणि तो निश्चिंत झोपला. सकाळीं अण्णांनीं बटण दाबलें तों काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढा शब्द आणि पुढें लुकलुकणारी रेघ! वहिनी देवघरांतून उठून आल्या. “आईंच्या ओव्या गेल्या कां रे?” एवढेंच त्यांनीं विचारलें. पुतण्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, “काका, सुरवातीची ती लहानशी ईएफआय पार्टिशन आहे ना, तिच्यांतच घोळ दिसतो. तीच पुसून टाकतों.” आम्हीं त्याचा हातच धरला.

तो घोळ काय होता, हें वाचकांनीं नीट समजून घ्यावें. जुन्या बायॉस पद्धतींत यंत्र डिस्कचा पहिला 512 बाइटांचा तुकडा वाची आणि तेथून पुढें चाले. हल्लींच्या यूईएफआय पद्धतींत तसें नाहीं. येथें मदरबोर्डवरच्या एका स्मृतींत नांवांची यादी असते, आणि कोणास आधीं हांक मारावयाची तो क्रमही तेथेंच लिहिलेला असतो. प्रत्येक नांवापुढें पत्ता असतो: अमुक विभागांतील अमुक फाइल. हा विभाग म्हणजेच ती लहानशी ईएफआय पार्टिशन. तींत विंडोजचें एक फोल्डर असतें, उबंटूचें दुसरें. प्रत्यक्ष प्रणाली राहते ती तिसऱ्याच ठिकाणीं.

पुतण्यानें पाडलें तें हें तिसरें घर. यादींतलें नांव आणि फोल्डर दोन्ही शाबूत राहिलीं. उबंटूचें नांव यादींत पहिलें असल्यामुळें यंत्रानें त्यासच हांक मारली. फोल्डरांतला ग्रब जागा झाला, आपलें उरलेलें सामान शोधूं लागला, आणि तें न सांपडल्यानें हुकमाची वाट पाहत बसला. विंडोजच्या केसालाही धक्का लागला नव्हता. उलट पुतण्यानें म्हटल्याप्रमाणें ती पार्टिशन पुसली असती, तर विंडोज सुरू करून देणारी फाइलही तिच्याबरोबर गेली असती, आणि एका पाटीपायीं जिना पाडल्यासारखें झालें असतें.

आम्हीं त्या रेघेपुढें ‘एक्झिट’ हा शब्द इंग्रजींत टाइप करविला. बहुतेक यंत्रांत यानें यादींतील पुढच्या नांवाची पाळी येते. तशी ती आली, आणि विंडोज उघडली. वहिनींनीं पदरानें डोळे टिपले.

मग ओव्यांच्या दोन प्रती काढल्या. नांव पुसण्याचें काम त्यानंतर. दुसरी एक दक्षता घेतली ती अशी: ज्या घरीं विंडोजनें डिस्क कुलुपबंद केलेली असते, तेथें असल्या फेरफारानंतर यंत्र 48 आंकडी किल्ली मागूं शकतें. ती हाताशीं नसेल तर स्वतःच्याच घराबाहेर उभें राहण्याची पाळी यावयाची.

यंत्राच्या सेटिंगांत विंडोजचें नांव आम्हीं वर आणलें आणि दोनदां बंद-चालू करून पाहिलें. मग प्रशासकाच्या अधिकारानें कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडी-एडिट’ या साधनास फर्मवेअरची यादी मागितली. प्रत्येक नोंदीस महिरपी कंसांत लांबलचक ओळख-क्रमांक असतो. त्या पानाचें छायाचित्र घेतलें, उबंटूच्या नोंदीचा क्रमांक दोघांनीं मिळून दोनदां ताडून पाहिला, आणि तेवढीच नोंद पुसली. लिनक्स चालूं असेल तर हेंच काम ‘ईएफआय-बूट-मॅनेजर’ करतो. तेथें लहान ‘बी’ नोंद दाखवितो आणि मोठा ‘बी’ ती पुसतो. एवढ्याशा फरकाकडे लक्ष असूं द्यावें. उबंटूचें फोल्डर कांहीं एमबींचें. तें राहिलें तरी बिघडत नाहीं. परंतु कांहीं यंत्रांत पुसलेलें नांव पुन्हां उगवतें, म्हणून तेंही काढलें. शेजारच्या ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि ‘बूट’ या फोल्डरांस हात लावला नाहीं.

संध्याकाळीं वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर मातोश्रींचा आवाज ओटीवर घुमत राहिला. मधेंच जात्याची घरघर, मधेंच त्यांचा खोकला. पुतण्या अण्णांजवळ सरकून हळूच म्हणाला, “आतां फेडोरा बसवून पाहूं?” अण्णांनीं वहिनींकडे पाहिलें. वहिनींनीं कपाटाची किल्ली कनवटीस चाचपली. एक पेन ड्राइव्ह त्यांनीं तेथें ठेवून दिली होती. “बसव,” त्या म्हणाल्या, “पण रात्रीं नको, आणि काकांना विचारल्याशिवाय कांहीं पुसूं नकोस.”