एक पाठलाग, अनेक मते

चित्रपटगृहाचे दार उघडते आणि प्रेक्षक बाहेर पडू लागतात. कोणी हसून हसून डोळ्यांत आलेले पाणी पुसत असतो, कोणी जांभई देत असतो, तर कोणी कपाळाला आठ्या घालून विचारतो, "ह्यात हसण्यासारखे होते तरी काय?" पडदा एकच, खेळ एकच, तिकिटाचा दरही एकच, मग मते इतकी निराळी का व्हावीत? 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येतो. परंतु थोडे खोल पाहिले, तर मतभेदांनाही कारणे असतात आणि ती शोधून काढता येतात असे दिसून येते. एका जुन्या अमेरिकन चित्रपटाची हकिगत ह्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

ह्या चित्रपटाचे नाव 'इट्स अ मॅड, मॅड, मॅड, मॅड वर्ल्ड'. हे सारे जगच वेडे आहे, असा त्याचा भावार्थ. वेडेपणा एकदा सांगून भागेना, म्हणून नावात 'वेडे' हा शब्द चार वेळा घातलेला आहे! त्याचा दिग्दर्शक स्टॅन्ले क्रेमर हा न्याय, युद्ध, वर्णद्वेष अशा गंभीर विषयांवरील चित्रपटांकरिता प्रसिद्ध होता. त्याने मोटारींच्या पाठलागाचा हा धमाल विनोदी चित्रपट काढला, तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. दि. ७ नोव्हेंबर १९६३ रोजी लॉस एंजेलिस शहरात 'सिनेरामा डोम' ह्या नव्या चित्रपटगृहाचे उद्घाटन ह्याच चित्रपटाने झाले.

कथा साधी आहे. कॅलिफोर्नियातील एका वळणावळणाच्या रस्त्यावरून एक मोटार भरधाव जाते आणि कड्यावरून खाली कोसळते. मागून आलेल्या चार वाहनांतील पाच पुरुष मदतीसाठी धावत दरीत उतरतात. मोटारीतील माणूस ग्रोगन नावाचा जुना चोर असतो. मरता मरता तो सांगतो, की सांता रोझिता नावाच्या गावातील बागेत, एका मोठ्या 'डब्ल्यू' अक्षराखाली साडेतीन लाख डॉलर पुरलेले आहेत. पाचही जण दरीत उतरले होते ते दयेपोटी. वर चढले ते मात्र डोक्यात पैशाचा विचार घेऊन.

आता वाटणीचा प्रश्न निघतो. चारही वाहनांत मिळून आठ माणसे आहेत. आठ वाटे केले, तर प्रत्येकास ४३,७५० डॉलर मिळतील. दरीत उतरलेल्या पाचांतच वाटणी केली, तर प्रत्येकी ७०,००० पडतील. प्रत्येक वाहनास एक वाटा दिला, तर एका वाट्यास ८७,५०० येतील. ज्याच्या मालमोटारीत तो एकटाच बसलेला आहे, त्याला वाहनांप्रमाणे केलेली वाटणी सोयीची. ज्याच्या मोटारीत पत्नी आणि सासू आहेत, त्याला माणसांप्रमाणे केलेली वाटणी लाभाची. गणित तिन्ही प्रकारे बरोबर आहे. परंतु प्रत्येकाची न्यायाची कल्पना त्याच्या लाभाच्या बाजूला झुकते. अखेर एकमत होत नाही आणि जो पहिला पोहोचेल त्याचे धन, असे ठरून सारे आपापल्या वाहनांकडे धाव घेतात.

येथून पाठलागास प्रारंभ होतो. मोटारी एकमेकींना मागे टाकतात, घाटातून घसरतात आणि नदीत उतरतात. एक दंतवैद्य पत्नीसह जुनाट विमान भाड्याने घेतो आणि पुढे एका दुकानाच्या तळघरात कोंडला जातो. मालमोटारीच्या चालकावर एका लहान मुलीची सायकल दामटण्याची वेळ येते. वाटेत आणखी लोभी माणसे ह्या शर्यतीत सामील होतात. कल्पेपर नावाचा एक वृद्ध, प्रामाणिक पोलीस अधिकारी साऱ्यांवर दुरून नजर ठेवून असतो. चार ताडवृक्ष आडवेतिडवे झुकून झालेला तो 'डब्ल्यू' शेवटी सापडतो, पैसाही हाती येतो. आणि त्याच क्षणी तो अधिकारी स्वतःच चोरावर मोर होतो! त्याचा पाठलाग करीत सारे एका उंच इमारतीवर चढतात. तेथे ओढाताणीत पेटी उघडते आणि नोटा खाली रस्त्यावरील गर्दीवर पावसासारख्या पडतात. हातपाय मोडलेले हे वीर इस्पितळात एकत्र येतात. 'तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले' ही म्हण त्यांच्याकडे पाहूनच निघाली असावी असे वाटते.

हा चित्रपट पाहून प्रेक्षकांचे अनेक पक्ष पडले. पहिला पक्ष मनमुराद हसणाऱ्यांचा. मूकपटांच्या काळात मॅक सेनेटच्या 'कीस्टोन' कंपनीने धडपडणाऱ्या पोलिसांचे आणि सुसाट मोटारींचे विनोदी चित्रपट काढले होते. तीच गंमत ह्या लोकांना येथे पुन्हा सापडली. मूकपटांतील ख्यातनाम विनोदी नट बस्टर कीटन हाही ह्यात एका लहानशा भूमिकेत दिसतो. शिवाय त्या काळी संगणकाने चित्रे रचण्याची सोय नव्हती. जाहिरातीच्या मोठ्या फलकातून आरपार जाणारे विमान फ्रँक टॉलमन ह्या निष्णात वैमानिकाने खरोखरच तसे चालविले होते. अशा साहसामागे वर्षांचा सराव आणि काटेकोर हिशेब असतो; ते ज्यांना ठाऊक होते, त्यांच्या हसण्यात आदरही मिसळला. ध्वनिपरिणामांबद्दल ह्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

दुसरा पक्ष कंटाळलेल्यांचा. त्यांच्या मते एक आपटाआपट गंमत आणते, परंतु दहावी आपटाआपट केवळ गोंगाट करते. मीठ जेवणाला चव आणते, म्हणून कोणी मूठभर मीठ खात नाही.

तिसऱ्या पक्षाचा आक्षेप अधिक विचार करावयास लावणारा आहे. चित्रपटात दोन मित्रांचे नवे मोटार-दुरुस्तीगृह भांडणाच्या भरात पार जमीनदोस्त होते. पाहणारे पोट धरून हसतात. परंतु त्या दोघांचा अपराध कोणता? ज्याची भिंत पडते, त्यालाही हसू येईल का? विनोदासाठी निरपराध्याचे नुकसान दाखवावे की नाही, हा प्रश्न हसून उडवून लावण्याजोगा नाही. तसेच, कजाग सासूची सतत टवाळी करणे आजच्या कित्येक प्रेक्षकांना रुचत नाही. १९६३ साली त्याकडे फारसे कोणाचे लक्षही गेले नसेल. काळ बदलला की हसण्याच्या जागाही बदलतात.

ह्याखेरीज आणखी एक कारण आहे. साऱ्यांनी एकच चित्रपट पाहिला, असे तरी म्हणता येईल काय? प्रथम दाखविलेली प्रत १९२ मिनिटांची होती. पुढे तिला कात्री लावून ती १५४ मिनिटांची करण्यात आली. म्हणजे पहिल्यांनी तीन तासांहून अधिक वेळ काढला आणि दुसऱ्यांनी अर्ध्या तासाहून अधिक वेळ कमी पाहिले. २०१४ साली, कापलेल्या भागांपैकी जे सापडले ते जोडून सुमारे १९७ मिनिटांची प्रत पुन्हा सिद्ध झाली. पडद्याचा भेद तर त्याहून मोठा. मूळ चित्राची रुंदी उंचीच्या अडीचपटींहून अधिक होती. जुन्या दूरदर्शन संचाचा पडदा उंचीपेक्षा जेमतेम एक-तृतीयांशाने अधिक रुंद. तो उभा भरून चित्र दाखविले, की दोन्ही बाजूंचे मिळून निम्मे चित्र कापले जाई. पाठलागात पुढची मोटार दिसावी आणि मागची दिसू नये, मग गंमत राहावी कशी?

अशीच एक गंमत भारतातही घडली. २००७ सालच्या, इंद्रकुमार दिग्दर्शित 'धमाल' ह्या हिंदी चित्रपटाच्या कथेचे ह्या कथेशी निकटचे साम्य आहे. तेथेही मरणारा चोर आहे, 'डब्ल्यू'ची खूण आहे. मात्र दहा कोटी रुपयांचे हे धन गोव्यातील एका बागेत पुरलेले आहे. अमेरिकन कथेत पैसा वाऱ्यावर उधळला जातो. हिंदी कथेत तो शेवटी मुलांच्या मदतीसाठी दिला जातो. कोणता शेवट अधिक चांगला? लोभी माणसाची फजिती व्हावी असे ज्याला वाटते, त्याला पहिला आवडेल. लोभी माणूसही सुधारतो असा ज्याचा विश्वास आहे, तो दुसऱ्याची निवड करील.

म्हणून 'चांगला' किंवा 'वाईट' एवढ्या एका शब्दाने मत पुरे होत नाही. काय पाहिले, किती पाहिले, कोणती गोष्ट आवडली आणि कशामुळे, हे ज्याला सांगता येते, त्याच्या मताला वजन येते. तसे सांगितले, म्हणजे न पटणारे मतही ऐकावेसे वाटते आणि ऐकून कित्येकदा आपले मत बदलावेसेही वाटते. दरीच्या काठावरील त्या आठ जणांपाशी गणित होते, वाहने होती, धावण्याची ताकदही होती. नव्हती ती एकच गोष्ट: क्षणभर दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची तयारी. ती असती तर पाठलाग झालाच नसता. चित्रपटही निघाला नसता, हे खरे. परंतु आठांचेही हातपाय शाबूत राहिले असते!