परिचारिकांची कंबरदुखी व व्यायामोपचार

कुंभार पिंपळगावसारख्या गावात नर्सबाईंना सगळे आपले दुखणे सांगतात. त्यांची कंबर कशी आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. जीपमधून आलेली बाळंतीण उतरवून घेणे, बुटक्या खाटेवरील वृद्धाला कुशीवर वळविणे, लसीचा डबा खांद्याला लावून वस्त्या फिरणे, आणि घरी आल्यावर हंडे-घागरी आहेतच. नोकरी कंत्राटी असेल तर दुखते म्हणण्याचीही चोरी! म्हणून आमच्या परिचारिका भगिनींसाठी हा विषय आम्ही घेतला आहे.

कमरेत पाच मणके असतात व त्यांच्यामध्ये लवचिक चकत्या. वाकून वजन उचलले की चकत्यांवरचा दाब उभे असतानाच्या कितीतरी पट वाढतो. तरीही दहापैकी नऊ जणांच्या कंबरदुखीत बोट ठेवावे असे एकच कारण सापडत नाही. असे दुखणे त्रासाचे असते, पण सहसा धोक्याचे नसते.

आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो पडून राहण्याचा आणि दुसरा पट्टा बांधण्याचा. १९९५ साली हेलसिंकी येथील महापालिका कर्मचाऱ्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी झेपेल तसे रोजचे काम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. पडून राहणारे मागे राहिले. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये व्यायाम व समजूतदार मार्गदर्शन यांची शिफारस केली, पट्ट्याची व ताण देण्याच्या यंत्राची नव्हे.

व्यायाम साधेच आहेत. उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर हळूच उचलावी. हातपाय टेकून ओणवे व्हावे व एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय सरळ लांबवावा. पोट आत घट्ट धरावे. पालथे झोपून कोपरांवर छाती उचलावी. मात्र त्याने कळ पायात उतरत असेल तर तो व्यायाम सोडावा. रोज चालावे. सुरुवात पाच-सहा वेळांनी करून आठवड्यागणिक वाढवावी. थोडे ताणल्यासारखे वाटेल, त्याला भिऊ नये. फिनलंडमधीलच टाम्पेरे येथे वारंवार कंबर दुखणाऱ्या २१९ आरोग्यसेविकांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. व्यायाम व मार्गदर्शन दोन्ही मिळालेल्या गटात वेदना कमी झाल्या. चार दिवस करून सोडणाऱ्यांनी ही मुदत लक्षात घ्यावी.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता, लघवीवरचा ताबा जाणे, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असल्यास व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे. आपल्या भागात मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही.

आता जरा कडू बोलतो. 'नीट वाकून उचला' एवढे शिकवून परिचारिकांची कंबर वाचत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी एकटीने पेलायची मर्यादा सुमारे १६ किलो धरली आहे, आणि तीही रुग्ण सहकार्य करीत असताना. मोठ्या माणसाला एकटीने उचलणे त्यात बसतच नाही. तेव्हा नातेवाइकांना हाक मारावी, चादरीची चारही टोके चौघांनी धरावी, आणि खाटांची उंची वाढवून देण्याची मागणी दवाखान्याकडे लेखी करावी.