कानातली शिट्टी, समुद्राची गाज

दिवेआगरला समुद्राच्या गाजेत कानातली शिट्टी बुडून जाते. दारं-खिडक्या लावून निजलं की ती पुन्हा वाजू लागते. सुश्रुतसंहितेतला ‘कर्णनाद’ तो हाच. आतल्या कानातल्या केसपेशी झिजल्या की मेंदूकडे जाणारे संदेश घटतात. मग मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो, आणि ऐकू येते नुसती खरखर. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा बहुतेकांना काही ना काही ऐकू आलंच! कधी कारण साधा मळ असतो. कान तपासण्याआधी कोमट खोबरेल ओतू नये. एका कानाने अचानक कमी ऐकू आलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आठवडे गेल्यावर उपचारांचा फारसा उपयोग होत नाही. बाकीच्यांनी रात्री खिडकी उघडी ठेवावी.