एका बोटावर तोललेलं जनावर

घोडा बोटावर चालतो, आणि तेही प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर. साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वी त्याच्या कुत्र्याएवढ्या पूर्वजाला पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना तीन बोटं होती. पुढे बाकीची आक्रसत गेली, मधलं तेवढं उरलं आणि त्याचं नख वाढून बोटाभोवती गुंडाळलं गेलं. तेच खूर. घोड्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते खरं तर त्याचं मनगट. त्याच्या खाली स्नायू जवळपास नाहीतच. हाडं, कंडरा आणि शेवटी नख. तीन-साडेतीनशे किलोंचं धूड, आणि त्यातलं साठ टक्के वजन पुढच्या दोन नखांवर!

नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याच्या बाजूला घोडा दिसतो तो मुख्यतः दोन रूपांत. एक मेंढपाळांच्या वाड्याबरोबरचं तट्टू, पाठीवर सगळं बिऱ्हाड आणि वर दोन कोकरं घेऊन निघालेलं. दुसरी लग्नसराईतली घोडी, नवरदेवाला घेऊन बँडच्या गोंगाटात तापल्या डांबरावर तासन्‌तास उभी. दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेत ज्यांच्या किमती लाखांत जातात, त्यांचं सोडा. त्यांच्या दिमतीला माणसं असतात. प्रश्न येतो तो हडकलेली, लंगडायला लागली म्हणून सोडून दिलेली घोडी कुणी दयेपोटी मळ्यात आणून बांधतो तेव्हा. जाणकार अशा वेळी वय कळायला दात बघतात. पण तिच्यावर गेल्या वर्षभरात काय गुदरलं, ते खुरावर लिहिलेलं असतं.

खूर केस संपतात त्या कडेपासून उगवतं आणि महिन्याला पाऊण ते एक सेंटीमीटर या वेगानं खाली सरकतं. पुढचा भाग कडेपासून जमिनीपर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. उपासमार, मोठा ताप, खाण्यातला अचानक बदल, यांची खुरावर आडवी वळी उमटते आणि खुराबरोबर खाली जात राहते. नोव्हेंबरात खूर तपासताना केसांच्या कडेपासून पाच सेंटीमीटर खाली ठळक वळी सापडली, तर मागे मोजत जायचं: मे-जूनच्या सुमाराला काहीतरी घडलं. ऐन लग्नसराई! अर्थात प्रत्येक वळी म्हणजे आजार नव्हे. कोरड्या कडब्यावरून पावसाळ्याच्या हिरव्या गवतावर आलेल्या धडधाकट घोड्यालाही वळ्या पडतात, पण त्या खुराभोवती सारख्या अंतरानं जातात. वळ्या पुढे दाटीनं आणि टाचेकडे फाकलेल्या दिसल्या, तर मात्र मामला गंभीर असतो.

तो का गंभीर, हे कळायला खुराच्या आत जावं लागतं. आत पायाचं शेवटचं हाड असतं आणि ते तळव्यावर टेकलेलं नसतं, खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे ते सहाशे बारीक उभ्या पापुद्र्यांच्या ओळी असतात, प्रत्येकावर पुन्हा शंभराहून अधिक सूक्ष्म पापुद्रे, आणि हाडाच्या बाजूनंही तसेच. दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवून बसवावीत, तशी ही पकड. एका खुरातल्या या पापुद्र्यांचं क्षेत्रफळ जवळजवळ पाऊण चौरस मीटर भरतं. घोड्याचं सगळं वजन या पकडीवर लटकतं. ती सुजून सुटू लागली की हाड आतल्या आत फिरतं, खाली खचतं, टोकाच्या प्रसंगी तळवा फोडून बाहेर येतं. याला लॅमिनायटिस म्हणतात. अशी घोडी पुढचे पाय लांब टाकून, भार मागच्या पायांवर घेऊन उभी राहते. एकदा पाहिलं की ते उभं राहणं विसरता येत नाही.

आणि हा आजार बऱ्याचदा मायेतून होतो. हाडं निघालेलं जनावर दिसलं की आपला हात पहिल्यांदा मक्याच्या पोत्याकडे जातो. वर गूळ, भिजवलेले हरभरे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! इतकं पिठूळ धान्य घोड्याच्या लहान आतड्यात पचत नाही. ते पुढच्या मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, तिथले जिवाणू मरतात, विषारी द्रव्यं रक्तात उतरतात आणि घाव बसतो तो चार हात लांब असलेल्या खुरातल्या पापुद्र्यांवर. पोटाचा अपराध आणि शिक्षा पायाला, असा हा न्याय. शिवाय फार दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम धान्य मिळालं तर रक्तातलं फॉस्फरस कोसळून तो त्यातच दगावू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपासमार झालेल्या घोड्यांवर वेगवेगळे आहार तपासले, तेव्हा सरस ठरला तो आपल्याकडचा घास, म्हणजे ल्यूसर्न; तोही थोडा थोडा, दर काही तासांनी. देवळ्याच्या आसपासच्या कसमादे या कांद्याच्या पट्ट्यात आणखी एक पथ्य सांगायलाच हवं. चाळीतला सडका कांदा बिलकूल टाकू नका. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शेळ्यामेंढ्या थोडाफार रिचवतात, म्हणून घोडा रिचवेल असं नाही.

सगळं लंगडणं मात्र इतकं भयंकर नसतं. काल बरी चालणारी घोडी आज एक पाय टेकवायलाच तयार नाही, हाड मोडलं की काय अशी शंका यावी, तर पुष्कळदा आत पू धरलेला असतो. नालबंद पाय मांडीत घेतो, टोकदार आकड्यानं माती-शेण खरवडून काढतो. तळव्यावरचा बाणाच्या आकाराचा मऊ भाग काळा, चिकट आणि उग्र वास मारणारा असेल, तर मुतानं ओल्या ठाणाची ती कमाई. मग खुराची मोठी पक्कड घेऊन तळवा इंचाइंचानं दाबत जायचं. एका जागी घोडी पाय हिसकते. तिथे डॉक्टर वाकड्या सुरीनं पापुद्रा-पापुद्रा तासतात, काळी रेघ सापडते, आणि तिच्या तोंडाशी राखाडी, घाण वासाचं पाणी दाबाखाली चिळकन उडतं. काही वेळा तासाभरात घोडी पाय टेकवते. पुढे कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट टाकून पाय बुडवणं, जखम कोरडी ठेवणं, आणि पट्टी म्हणून चक्क लहान मुलाचं डायपर! त्यावर रुंद चिकटपट्टी गुंडाळली की खुराच्या आकारावर ते झकास बसतं. धनुर्वाताची लस विसरायची नाही. घोड्याइतकं धनुर्वाताला हळवं जनावर क्वचितच. आणि वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक टोचू द्यायचं नाही. गिधाडांच्या जिवावर उठलेलं हे औषध जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे.

घोडी पाय देत नाही म्हणून तिला आडमुठी ठरवू नये. दुखरा पाय उचलायचा म्हणजे त्याचा भार शेजारच्या पायावर जाणार, आणि तोही दुखत असेल तर तिनं करावं काय? खाली जाडसर भुसा किंवा वाळू टाकून, पाय अगदी थोडा उचलून काम केलं तर बऱ्याच घोड्या ऐकतात.

वाढून चपलेसारखी वर वळलेली खुरं एका बैठकीत कापून टाकायचा मोहही आवरायला हवा. हाडं आणि कंडरा त्या वेड्यावाकड्या कोनालाच सरावलेल्या असतात. चार-पाच आठवड्यांच्या अंतरानं थोडं थोडं कापायचं, शक्य असेल तर आधी एक्स-रे काढून आतलं हाड कुठे आहे ते बघायचं. पकड सुटू लागलेल्या घोडीला टेंपोत घालून लांब हलवणं म्हणजे दुखण्यात भर. डॉक्टर तिच्यापाशी आणलेला बरा. खरा उपचार मग वरून, केसांच्या कडेपासून, चांगलं खूर उगवून खाली येण्याचा. त्याला वर्ष लागतं. कुठलंही औषध ते लवकर आणत नाही.

पुढच्या लग्नसराईत घोडी ठरवायला जाल तेव्हा झुलीवरचं जरीकाम बघून झालं की जरा खाली वाका. खूर लांब वाढलेलं, फाटलेलं असेल, किंवा घोडी सारखा भार बदलत उभी असेल, तर ती घेऊ नका आणि का घेत नाही ते मालकाला सांगा. रस्त्यावर लंगडणारं जनावर दिसलं तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर फिरवा. कॉलला पैसे पडत नाहीत.