गोठ्यात की माजघरात?

माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. डासाची मादी एका बैठकीत पिऊन पिऊन पिणार किती? अडीच मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास स्वतःच्या वजनाइतकं. एक माणूस रिकामा करायचा तर वीसेक लाख माद्यांची पंगत बसवावी लागेल. (नर या पंगतीला नसतातच, त्यांचं भागतं फुलांच्या रसावर.) म्हणजे चोरी म्हणावी तर किरकोळ. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2023 या एका वर्षात हिवतापाने 5 लाख 97 हजार माणसं गेली. मिनिटाला एकाहून जास्त. यातला मोठा भाग एका साध्या प्रश्नावर फिरतो: आज रात्री मादीने कुणाकडे जायचं, गाईकडे की माणसाकडे?

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना तुमच्या-आमच्यात काडीचाही रस नाही. कुणी पक्ष्यांवर जगतं, कुणी चक्क बेडकांवर. भक्ष्याचा पहिला माग लागतो तो श्वासाचा. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो 0.04 टक्के, आपल्या उच्छ्वासात 4 टक्के, शंभरपट. पण श्वास गाईचाही तसाच. त्यावरून एवढंच कळतं की पलीकडे कुणीतरी जिवंत आहे. कोण आहे, हे जवळ गेल्यावर कातडीचा वास सांगतो, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात अंगाची ऊब.

‘तुझं रक्त गोड, म्हणून तुलाच चावतात,’ असं घरोघरी म्हणतात. अर्धं खरं आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात माणसांनी हातावर घालून ठेवलेले नायलॉनचे मोजे डासांपुढे मांडले. सर्वांत आवडत्या माणसाचा मोजा सर्वांत नावडत्याच्या मोज्यापेक्षा शंभरपटीहून जास्त ओढ लावणारा निघाला. 2022 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. कातडीवर कार्बॉक्सिलिक आम्लं जास्त असतील तर डास जास्त, आणि हा फरक त्याच माणसांत वर्षानुवर्षं टिकून राहिला. गोडी आहे ती कातडीत. रक्ताचा संबंध नंतरचा.

आता गाय की माणूस, याचं गणित. हिवतापाचा परजीवी डासातून पसरतो, हे रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाचं पोट फाडून दाखवायला सुरुवात केली. पण आकड्यांचा खरा चटका दिला तो 1950 च्या दशकात हिवतापतज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्डने. मादीला माणसाला दोनदा चावावं लागतं: एकदा आजारी माणसाकडून परजीवी उचलायला, पुन्हा दुसऱ्याला तो द्यायला. म्हणून तिची माणसाबद्दलची आवड एकदा मोजून भागत नाही, तिचा वर्ग करावा लागतो. समजा एका जातीचे शंभरातले 90 चावे माणसाला आणि दुसरीचे 10. आवड नऊपट, पण रोग पसरवण्याची ताकद 81 पट!

मधल्या दिवसांचं काय? परजीवी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. रोज दहातला एक डास मरत असेल, तर बाराव्या दिवशी शंभरातले 28 उरतात. रोज दोन मरत असतील, तर फक्त सात. औषध मारलेल्या भिंतीचा एवढा दरारा का, ते इथे दिसतं: दिवसाला एकाऐवजी दोन डास मेले की चार जणींतली एकच धोक्याच्या वयाला पोचते.

आफ्रिकेतली ‘ॲनोफिलिस गॅम्बी’ अनेक ठिकाणी जवळजवळ फक्त माणसाचंच रक्त पिते. जगातल्या हिवतापाच्या रुग्णांतले 94 टक्के आफ्रिकेत असण्यामागे गरिबी, औषधांची टंचाई, हवामान हे सगळं आहेच, पण या आवडीचा वाटा मोठा. आपल्या खेड्यांतला हिवताप मुख्यतः ‘ॲनोफिलिस क्युलिसिफेसीस’चा, आणि ती मुळात गोठ्याची. 2019 च्या पशुगणनेत देशात 19 कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळपास 11 कोटी म्हशी निघाल्या. एवढं ताट वाढलेलं असताना ती माजघरात कशाला शिरेल? तरी शिरते, कारण ती अतोनात संख्येने असते. शंभरातले पाच चावे माणसाला लागले तरी पुष्कळ होतात. म्हणून ‘दारात गाय बांधा, डास तिकडे जातील’ या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. गाईचं रक्त पिऊनही अंडी घालता येतात, आणि अंड्यांतून पुढचे डास येतातच.

डेंग्यूच्या ‘एडिस इजिप्ती’ची गोष्ट तर आपल्या घरातल्या पिंपाशीच येऊन थांबते. केनियातल्या रबाई भागात हिच्या दोन शाखा होत्या: जंगलातली काळपट आणि घरातली तपकिरी. प्रयोगशाळेत एका बाजूला माणसाचा हात, दुसऱ्या बाजूला गिनीपिग. जंगलातली गिनीपिगकडे वळली, घरातली हाताकडे. माणसाच्या अंगवासातलं सल्केटोन ओळखणारं तिचं एक जनुक जास्त जागं असल्याचं 2014 मध्ये दिसून आलं. ही आवड का लागली? पश्चिम आफ्रिकेत सुमारे 5 हजार वर्षांपूर्वी उन्हाळे लांबले, झाडांच्या ढोल्यांतलं पाणी आटलं. पाणी उरलं ते फक्त माणसाने साठवलेलं. तिला अंडी घालायला भांडं हवं होतं. भांड्याशेजारी माणूस होता.

पाणीटंचाईच्या गावात पिंप, रांजण, हौद भरून ठेवावेच लागतात, त्याला इलाज नाही. पण आठवड्याच्या कोरड्या दिवशी पाणी नुसतं ओतून देऊ नका, पिंपाच्या आतली भिंत काथ्याने घासा. पाण्याच्या रेषेवर चिकटलेली तिची अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात.