विमानाची वांकलेली पट्टी

गतवर्षींच्या स्नेहसंमेलनास जे पालक उपस्थित होते, त्यांना मैदानावरील एक प्रसंग आठवत असेल. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें स्वतः तयार केलेलें बाल्सा लाकडाचें लहान विमान हातानें फेकून दाखविलें. सरावाच्या वेळीं तें सरळ तरंगत जाई. त्या दिवशीं टाळ्यांच्या उत्साहांत त्यानें तें अधिक जोरानें फेकलें, तोंच डावा पंख वर उचलला गेला, विमान उजवीकडे कलंडलें आणि मातींत नाक खुपसून मोडलें. मंडळी हंसली, मुलगा मान खालीं घालून तुकडे वेंचूं लागला. त्या फजितीचा खरा धनी तो नव्हता, आम्ही होतों. तें कसें, हें सांगावें व तशी चूक इतरांच्या हातून होऊं नये, म्हणून हा लेख लिहीत आहों.

विमानाच्या पंखांस व शेपटीस मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात. पंखावरील पट्टीस एलेरॉन, आडव्या शेपटीवरील पट्टीस एलिव्हेटर व उभ्या शेपटीवरील पट्टीस रडर म्हणतात. होडीचें सुकाणूं ज्याप्रमाणें पाणी वळवून होडीचें तोंड फिरवितें, त्याचप्रमाणें ह्या पट्ट्या हवा वळवून विमानास दिशा देतात. एलेरॉनची मागची कड खालीं झुकली कीं त्या पंखाची उचल वाढते व तो वर जातो. पट्टी आपल्या जागीं नीट बसविली असूनही तिला स्वतःलाच पीळ पडला असेल, तर विमान त्या पिळाचेंच ऐकतें.

पीळ ही नेहमींच वाईट गोष्ट आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंतील विल्बर व ऑर्व्हिल राइट ह्या बंधूंनीं १८९९ सालीं एका पतंगाचे पंख दोऱ्यांनीं पिळून हीच युक्ति अजमाविली. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र पहिल्या उड्डाणांत १२ सेकंदांत १२० फूट गेलें, त्यासही एलेरॉन नव्हते. चालक पंखच पिळून तोल सांभाळीत असे. हेतुपूर्वक दिलेला पीळ चालकाच्या ताब्यांत असतो. न मागतां आलेला पीळ कोणाच्याच ताब्यांत नसतो.

आतां आमची चूक. संमेलनापूर्वीं पंधरा दिवस तो मुलगा आपलें विमान घेऊन आला होता. डाव्या एलेरॉनचा मागचा कोपरा सुमारें ३ मिलिमीटर खालीं उतरला होता. “सर, पट्टी नवी करूं का?” असें त्यानें विचारलें. आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत होतों. “डाव्या पंखाच्या टोंकास शाडूची गोळी लाव, म्हणजे तो उचलणार नाहीं,” असें सांगून आम्हीं त्यास वाटेस लावलें. सरावांत गोळीनें काम भागलें, ह्यांत नवल नाहीं. परंतु गोळीचें वजन, विमान सावकाश जावो कीं वेगानें, तेवढेंच राहतें. हवेचा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. मंद गतींत गोळी व पीळ ह्यांची बरोबरी झाली होती. जोराच्या फेंकींत पिळानें गोळीवर मात केली. तात्पर्य, दोष जेथें आहे तेथेंच तो दूर केला पाहिजे. त्याच्या समोर दुसरा दोष उभा करून साधलेला तोल वेग बदलतांच मोडतो.

पट्टी वांकते कां? लाकूड हवेंतील ओल शोषून घेतें व सोडूनही देतें. ओलीनें तें रेषांच्या आडव्या दिशेस बरेंच फुगतें, लांबीच्या दिशेस मात्र अगदींच थोडें. पट्टीच्या एकाच बाजूस रंग किंवा रोगण दिलें, तर दोन्ही बाजू सारख्या फुगत वा आकसत नाहींत. शिवाय वाळतांना रोगण स्वतः आकसून लाकडास ओढतें. मग पातळ पट्टीस बाक येतो किंवा पीळ पडतो. आमच्याकडील पावसाळ्यांत तर हा अनुभव वारंवार येतो.

दुरुस्तीपूर्वीं परीक्षा करावी. पट्टी सपाट कांचेवर ठेवून चारही कोपरे टेंकतात कीं नाहीं, हें पाहावें. नंतर तिच्या दोन टोंकांवर दोन सरळ काड्या आडव्या ठेवून एका बाजूनें डोळा लावावा. काड्या समांतर दिसल्या नाहींत, तर पीळ आहे असें समजावें.

साध्या बाल्साच्या पट्टीस नुसता बाक असेल, तर तिची खोलगट बाजू ओल्या फडक्यानें पुसावी. ती बाजू आकसलेली असते; ओलीनें ती फुगून पट्टी सरळ होऊं लागते. पीळ असेल तर उकळत्या किटलीच्या वाफेवर पट्टी दोन्ही बाजूंनीं धरावी. उष्णता व ओल ह्यांनीं लाकडाचे तंतु जोडून ठेवणारें द्रव्य मऊ पडतें, आणि निवून वाळल्यावर तें नव्या आकारांत घट्ट होतें. मऊ झालेली पट्टी हळूहळू उलट दिशेस पिळावी व सपाट फळीवर टांचण्यांनीं बसवावी. लाकूड थोडें मागें फिरतेंच. म्हणून उतरलेल्या कोपऱ्याखालीं काडीचा तुकडा सरकवून त्यास सरळ रेषेहून किंचित वर ठेवावें. रात्रभर वाळूं द्यावी, टांचण्या काढाव्या, आणि आणखी एक दिवस थांबून पुन्हां कांचेवर पाहावी. घाई केल्यास पीळ परत येतो. वाफेनें हात भाजतो, याकरितां हें काम वडील माणसाच्या समक्षच करावें.

सांगाड्यावर उष्णतेनें आकसणारें प्लास्टिकचें आवरण असेल, तर पट्टी उलट पिळून धरावी, दोन्ही बाजूंच्या आवरणास बेताची ऊब द्यावी आणि तें पूर्ण निवेपर्यंत हात सोडूं नये.

इतक्यानेंही पट्टी सुधारली नाहीं, तर नवी करावी. सरळ रेषांचें लाकूड निवडावें, रोगण दोन्ही बाजूंस एकाच दिवशीं द्यावें आणि वाळेपर्यंत पट्टी सपाट दाबून ठेवावी. मजबुतीच्या लोभानें शेपटीच्या पट्ट्या जाड मात्र करूं नयेत. शेपूट तोलाच्या बिंदूपासून दूर असल्यामुळें तेथील एका ग्रॅमचा तोल राखण्यास नाकाशीं त्याहून अधिक वजन घालावें लागतें.

पालकांस एक विनंति. घरांतील टेबलावर दोन दिवस टांचण्यांनीं जखडलेली एखादी पट्टी दिसली, तर ती पसारा समजून उचलूं नये.

त्या मुलानें जूनमध्यें विमान पुन्हां जोडलें. डावी पट्टी वाफेवर दोनदां सरळ करावी लागली. आम्हीं तें स्वतः, आमच्या हातानें, शक्य तितक्या जोरानें फेकलें. तें मैदानाच्या कुंपणापर्यंत सरळ गेलें. शाडूची गोळी त्यानें पंखावरून काढून आमच्या स्वाधीन केली. ती आमच्या टेबलावर आहे, आणि उत्तरपत्रिका तपाशीत असतां कोणी मुलगा दारांत येऊन उभा राहिला, तर आमची दृष्टि प्रथम तिच्याकडे जाते.