नेसण्याची कसली लाज?

किल्ट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर स्कॉटलंडचा माणूस उभा राहतो. चौकड्यांचा गुडघ्यापर्यंतचा घेर, पायात जाड मोजे आणि काखेत बॅगपाईप. त्यातला बॅगपाईप बेळगाव भागाला नवा नाही. मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि लष्करी पाईप बँड आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. किल्टची गोष्ट मात्र वेगळी. थंड डोंगराळ मुलखातले हे लोकरी वस्त्र आपल्या घामाघूम करणाऱ्या हवेत कुणी नेसावे का, आणि नेसलेच तर कसे, हा प्रश्न आपल्या घरात येईल असे कुणाला वाटणार?

इंदूरच्या विजय नगरात राहणाऱ्या माझ्या मावस बहिणीच्या घरी मात्र तो आला. तिचे सासर मूळचे निपाणीकडचे आणि सासूबाईंचे माहेर धारवाडचे. त्यामुळे घरात मराठी, कानडी आणि बाहेर हिंदी अशी तिन्ही भाषांची ये-जा. मुलगा शिकायला ग्लासगोला होता. तिथून येताना त्याने किल्ट आणला आणि जूनअखेरच्या आपल्या साखरपुड्यात तोच घालणार म्हणून हट्ट धरला. पहिला पाऊस पडून गेला होता. मालव्यात मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, पण ती हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाला की पारा उतरतो आणि दमटपणा चढतो. घाम येतो पण वाळत नाही. कानडीत ज्याला 'सेके' म्हणतात, तसा नेमका उकाडा.

किल्ट पाहून अज्जींनी एकच प्रश्न केला, "हे उडोदा, हाकोदा?" म्हणजे, हे नेसायचे की घालायचे?

प्रश्न साधा वाटला तरी मोठा आहे. मराठीत साडी, धोतर, लुंगी आपण नेसतो, सदरा-विजार घालतो आणि शाल पांघरतो. कानडीतही 'उडु' आणि 'तोडु' असा भेद आहे. 'उडुगे-तोडुगे' हा जोडशब्द त्यातूनच आला. अंगाभोवती गुंडाळायचे वस्त्र आणि अंगात चढवायचे वस्त्र यांना दोन्ही भाषांनी वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद चालते. अज्जींच्या हिशेबाने किल्ट 'नेसायचा', आणि त्यांचे बरोबरच होते. मूळचा किल्ट म्हणजे लांबलचक लोकरी कापड चुण्या पाडून कमरेला पट्ट्याने बांधायचे आणि उरलेले खांद्यावर टाकायचे. चुण्या शिवलेला आजचा आखूड किल्ट नंतरचा, अठराव्या शतकातला. शब्दाचे मूळही खोचण्याशी, वर आवळून घेण्याशी जोडले जाते. आपण ओचा खोचतो, तसेच.

घरातल्या बायकांना सर्वांत गंमत वाटली ती कापडाच्या हिशेबाची. पूर्ण घेराच्या किल्टला परंपरेने आठ वार कापड लागते. आपले लुगडे नऊवारी, तर हा आठवारी!

पण आपले लुगडे सुती आणि हे कापड लोकरीचे. जाड कापडाचा, म्हणजे वारी सोळा औंसाच्या कापडाचा किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो. चुण्यांचा सगळा भार मागे आणि कमरेला कापडाचे थरावर थर. खालून वारा खेळतो हे खरे, पण कमरेला घामाची पट्टी बसते. दमट हवेत नेसायचा असेल तर हलक्या कापडाचा, दहा-अकरा औंसाचा किल्ट निवडावा. लोकर पुष्कळ ओल शोषून घेते, त्यामुळे अंगाला ती तितकीशी ओली लागत नाही. पॉलिएस्टर मिसळलेले कापड स्वस्त आणि धुवायला सोपे, पण ते घाम जवळजवळ पितच नाही. हेही लक्षात ठेवावे.

बाकीचे उपाय आपल्याला परके नाहीत. वर लोकरी कोट नको, सैल सुती सदरा पुरे. सदरा आत खोचायचा, म्हणजे कमरेला लोकरीऐवजी सूत लागते. मोजे घोट्यापर्यंत उतरवायचे. मांडीला मांडी घासून सोलवटू नये म्हणून आत सुती आखूड चड्डी. पट्टा विधीपुरता आवळायचा, एरवी एक घर सैल. पुढे लटकणारी चामड्याची पिशवी पोट तापवते, ती जेवताना बाजूला सरकवायची. घरी आल्यावर किल्ट घडी करून लगेच कपाटात ठेवायचा नाही, सावलीत वाऱ्यावर टांगायचा. पावसाळ्यात ओलसर लोकरीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. भाच्याने हे सगळे पाळले आणि साखरपुडा निभावला. पाहुण्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले.

या कौतुकात अज्जा गप्प होते. घरात ते कायम पंचे नेसतात. (इथे आपल्या घरांत नेहमी घोटाळा होतो. मराठीत पंचा म्हणजे अंग पुसायचे आखूड वस्त्र, आणि कानडीत पंचे म्हणजे धोतर. काष्टा मारला की ते कच्चे-पंचे.) पाहुणे गेल्यावर ते नातवाला म्हणाले, "तू हे नेसून मॉलात गेलास तर लोक फोटो काढतील. मी पंचे नेसून आलो तर?" विजय नगर म्हणजे इंदूरचा मॉलचा भाग. नातू नेईल तेव्हा अज्जा पँट चढवूनच बाहेर पडतात. "मला कुणी अडवलेलं नाही," ते म्हणाले, "पण अडवतील म्हणून मीच घालतो."

त्यांची शंका उगाच नाही. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये हावेरी जिल्ह्यातला एक वृद्ध शेतकरी मुलाबरोबर सिनेमा बघायला गेला होता. पंचे नेसले म्हणून त्याला दारात अडवले. गदारोळ झाला आणि सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्याआधी २०१४ मध्ये चेन्नईत वेष्टी नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना एका क्लबात प्रवेश नाकारला गेला होता. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने अशी बंदी मोडून काढणारा कायदा केला.

गंमत म्हणजे किल्टनेही हे भोगले आहे. स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या बंडानंतर इंग्रज सरकारने १७४६ मध्ये त्यांच्या पेहरावावर कायद्याने बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सैन्यात नोकरी करणाऱ्यांना तेवढी सूट होती. बंदी १७८२ मध्ये उठली आणि पुढे तेच वस्त्र त्या देशाची ओळख बनले. आज ते लग्नात मिरवते. म्हणजे वस्त्र गावंढळ किंवा प्रतिष्ठित नसते. नेसणारा ते कसे नेसतो आणि बघणारा कसे बघतो, यावर सारे ठरते.

आणि प्रतिष्ठेचे राहू द्या, आरोग्याचे तरी बघा. शरीर घामाच्या वाळण्यातून थंड होते. हवा दमट असली की घाम आधीच सावकाश वाळतो. त्यात तंग जीन्स घातली की जांघेत तो कोंडून राहतो, आणि ओलसर उबेत गजकर्ण फोफावते. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात हा विकार चिवट झाला आहे. दुकानातून स्वतःच आणलेली, स्टेरॉईड मिसळलेली मलमे त्याचे एक मोठे कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरत जाते. तेव्हा मलम डॉक्टरांना विचारूनच लावा, अंग कोरडे ठेवा आणि घरी आल्यावर सैल सुती वस्त्र नेसा. लुंगी, पंचे, धोतर, काहीही चालेल. आपल्या पूर्वजांनी हवा बघूनच ते निवडले होते.

आमच्या महाविद्यालयातली मुले पारंपरिक वेशभूषेच्या दिवशी हौसेने धोतर नेसतात, पण दुपारी घरी जाताना पुन्हा जीन्स चढवतात. परक्या मुलखातला किल्ट आपला भाचा उकाड्यातही अभिमानाने निभावतो, याचे कौतुक जरूर करावे. पण घरातल्या अज्जांनी, आजोबांनी पंचे नेसूनच आपल्याबरोबर बाहेर यावे, असे त्यांना सांगणारे आपल्यापैकी किती आहेत? येत्या गणपतीत भाद्रपदाचा दमटपणा असणारच. आरतीपुरते नेसलेले धोतर त्या दिवशी सोडू नका. वडीलधाऱ्यांचा हात धरा आणि तसेच बाजारापर्यंत जाऊन या. लाज वाटली तर ती पहिल्या कोपऱ्यापर्यंतच वाटते, पुढे वारा लागतो.